जिभलीचं उष्टं

जिभली लाल झाली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"ओवी, झाकण उघड!" आई भाताच्या पातेल्याआडून ओरडली.

मी झाकण ओढलं. ढिम्म हललं नाही. आत आमटी रटरटतेय, वास असा सुटलाय की समोरचे झेरॉक्सवाले काका दुकान सोडून आमच्या दारात उभे, आणि झाकणावरचा टीचभर पडदा थंडपणे सांगतोय, 'चव अमान्य. वाढप बंद.'

"कुणाला अमान्य?" रांगेतल्या पहिल्या आजोबांनी ताट पुढे केलेलं तसंच धरून विचारलं.

"मशीनला."

"मग मशीनला देऊ नका, मला वाढा. जेवणार मी आहे की ते?"

सगळी रांग हसली. आई हसली नाही. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माफ करा हां सगळ्यांनी. नवा टोप लावते. वेळ लागेल." रांग पाहता पाहता पांगली. त्या आठवड्यात असं वरचेवर होत होतं.

तर आमचं दुकान म्हणजे 'चर्र आमटी-भात', शाखा फलटण. राज्यात कुठेही जा, 'चर्र'ची पिवळी पाटी दिसली की आत तीच आमटी मिळणार. तीच म्हणजे अगदी तीच! चिंच, गूळ, गोडा मसाला, वर फोडणी. बाबा फौजेत, लडाखला. आईने एकटीने ही शाखा घेतली, कंपनीच्या स्वयंपाकघरात राहून ती चव शिकली आणि मग दुकान असं चालवलं की बारामतीचे लोक वाट वाकडी करून यायला लागले.

आणि मी ओवी भोईटे, इयत्ता दहावी. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा 'उपस्थित' असं पुटपुटायचे. मग तालुका विज्ञान प्रदर्शनात एका परीक्षकांनी माझ्या प्रयोगात चूक काढली आणि माझ्याच तोंडातून आवाज आला, "सर, चूक तुमची आहे." त्यांनी तपासलं. होती! तेव्हापासून मला गप्प बसताच येत नाही. आईचं म्हणणं, एखादा नळ फिरवून ठेवावा आणि पाणी नेमकं पाहुणे आल्यावर यावं, तसं झालंय माझं.

आता जिभली. कंपनीने तिचं नाव भारदस्त ठेवलंय, पण सगळे जिभलीच म्हणतात, आणि आई 'ती बया' म्हणते. आपल्या जिभेवर रुचिकलिका असतात ना, तशी जिभलीच्या दांडीच्या टोकाला शेकडो बारीक विद्युतअग्रं असतात. प्रत्येकावर स्निग्ध पदार्थाचा एक पापुद्रा. कुठला पापुद्रा आंबटाला दाद देतो, कुठला खारटाला, कुठला गोडाला, तर कुठला मसाल्यातल्या कडवटपणाला. दांडी आमटीत बुडाली की प्रत्येक अग्राचा विद्युतदाब किंचित बदलतो आणि त्या सगळ्या बदलांचा मिळून एक नकाशा तयार होतो. तो त्या आमटीचा चवीचा ठसा! बोटाचा असतो तसाच. तो ठसा कंपनीच्या मूळ ठशाशी पुरेसा जुळला तर हिरवा दिवा लागतो आणि झाकण उघडतं. नाहीतर लाल. मला जिभली खूप आवडायची. यंत्राला चव कळते, यापेक्षा भारी काय असणार?

पण आता तीच बया आमचं दुकान बंद पाडायला निघाली होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अभिमामा आला. मामा 'चर्र'चा विभागप्रमुख. आईला शाखा त्यानेच मिळवून दिली होती. एरवी तो आला की दारातूनच "ओवे, काय शोध लावलास?" असं ओरडतो. त्या दिवशी चपला काढून गुपचूप बाकावर बसला.

"ताई, शाखा काढून घेतायत."

आईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "लाल दिव्यामुळे?"

"ते एक. दुसरं त्याहून वाईट. वर असं म्हणतायत की तू यंत्राला फसवतेस. दर गुरुवारी सकाळी पहिल्यांदा दांडी टोपात बुडतच नाही. दुसऱ्याच कशात तरी बुडते. उकळत्या टोपापेक्षा थंड कशात तरी, तशी तापमानाची नोंद आहे." त्याने आईकडे पाहिलं. "खरंय का?"

आई ओट्यावरचे नसलेले डाग पुसू लागली.

"आई?"

"तू गप्प बस, ओवी."

"ताई, मला फक्त नाही म्हण. मी वर सांगतो, मशीन बिघडलं असेल."

"मी खोटं का बोलू?" आई म्हणाली आणि फडकं पिळू लागली.

मामा हताश झाला. मग त्याचा आवाज उतरला. "बरं, निदान गूळ तरी वाढव. चमचाभर. सगळ्या शाखा घालतायत. दिवा हिरवा राहील. बाकीचं मी बघतो."

"मला शिकवली ती चव अशी नव्हती, अभि. परवा साताऱ्याच्या शाखेत जेवले. ती आमटी होती की पाक?"

"आई, घाल ना!" मीही बोलले. "एक चमचा गुळासाठी दुकान घालवणार का?"

आईने माझ्याकडे जे पाहिलं ना! "तुला मार्क कमी पडले तर दुसरीची उत्तरं लिहिशील का?"

मामा उठला. मला बरं वाटावं म्हणून दारात थांबून यंत्राचं कौतुक सांगू लागला. "आपली सिस्टीम लई हुशार आहे हां, ओवे. शिकते ती. सगळ्या शाखांची चव रोज गोळा होते आणि मूळ ठसा दर महिन्याला आपोआप ताजा होतो. मेकॅनिकसुद्धा आता मोबाइलवरूनच तपासतो. पूर्वी त्या काचेच्या कुप्या उघडत बसायचे. आता कोण उघडतंय!"

मी मान डोलावली. तेव्हा मला काही सुचलं नाही. याचं आश्चर्य मला अजून वाटतं.

आमच्या बाजूने एकच गोष्ट होती. नवा कायदा! पूर्वी फ्रँचायझीत कंपनी म्हणेल ती पूर्व. बंद म्हटलं की दुकान बंद. आता राज्याचं फ्रँचायझी नियमन प्राधिकरण आहे. त्यांच्यासमोर उघड सुनावणी झाल्याशिवाय कुणाची शाखा काढून घेता येत नाही. मी तो अख्खा कायदा वाचून काढला. लोक कथा-कादंबऱ्या उगीच वाचतात. त्यात असं एक कलम आहे की, ज्या कंपनीला शाखा वाटायच्या आहेत तिने नोंदणीच्या वेळी आपल्या मालाचा मूळ नमुना सीलबंद करून प्राधिकरणाकडे ठेवायचा. नोंदणी झाली त्या दिवशीची चव, सरकारच्या शीतकपाटात! मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं," आणि कोथिंबीर निवडत राहिली.

*

सुनावणीआधीच्या गुरुवारी मी आईच्या मागोमाग दुकानात गेले. तिला माहीत नव्हतं. अजून उजाडत होतं. शटर अर्धं वर होतं आणि मी वाकून आत पाहिलं.

आईने फळीवरून एक खोका काढला. आत काचेच्या बारीक कुप्या होत्या. जिभलीबरोबर कंपनीकडून आलेल्या. त्यांत मूळ आमटी असते, पण गोठवून वाळवलेली. पाण्याचा अंश नाही म्हणून वर्षानुवर्षं टिकते. कोमट पाण्यात विरघळवली की जशीच्या तशी मूळ चव. यंत्र बरोबर चाखतंय का, हे मेकॅनिकने तपासायला. आईने एक कुपी वाटीत विरघळवली, दांडी झाकणातून बाहेर काढली आणि वाटीत बुडवली.

"आई!"

तिच्या हातून वाटी पडता पडता राहिली.

"म्हणजे मामा म्हणाला ते खरंय! तू फसवतेस!"

"हळू बोल." ती मटकन स्टुलावर बसली. "अगं, गुरुवारी दत्ताला नैवेद्य असतो. आजीच्या वेळेपासून, जे शिजेल ते आधी त्याला. स्वयंपाक करताना मी मीठसुद्धा चाखून बघत नाही. आणि ही बया आधी आपली जीभ घालते, मग झाकण उघडते! देवाला उष्टं कसं दाखवू? म्हणून मी तिला ही कुपी चाखवते. ती खूश होते, झाकण उघडतं. मी नैवेद्य काढून घेते. मग चाख म्हणावं टोपातली."

मला हसू आवरेना. "यंत्राचं उष्टं? आई, अगं, तो धातू आहे!"

"हस तू." तिचे डोळे भरले होते. "गेले काही महिने देवालाही पटेनासं झालंय बहुतेक. ही कुपीपण नाकारते. बघ."

मी बघितलं. पडद्यावर लाल अक्षरं. 'चव अमान्य.'

"दर गुरुवारी?"

"आधी हिरवी यायची. मग पिवळी. आता लालच. नैवेद्याला घरून वरण आणते. मला वाटलं, लबाडी केली म्हणून..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझ्या डोक्यात काहीतरी एवढ्या जोरात फुटलं की मी स्टुलावरून आईला उठवलं आणि दुकानभर नाचवलं!

"सोड! अगं, काय झालं?"

"आई, ही कंपनीची कुपी! ही म्हणजेच मूळ चव! आणि जिभली म्हणतेय, मूळ चवच चूक! कुपी बदललेली नाही, आई. ठसा बदललाय!"

*

सुनावणी साताऱ्यात होती. बाकांवर 'चर्र'च्या इतर शाखांचे मालक बसले होते, सगळे चिंताक्रांत. कोपऱ्यात टेबलावर प्राधिकरणाची स्वतःची जिभली होती, कंपनीच्याच ठशाला जोडलेली. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून कंपनीचे वकील, आणि इथे कंपनीचा प्रतिनिधी म्हणून अभिमामा. त्याने टाय बांधला होता. आईकडे तो बघत नव्हता.

पीठासनावर नसरीन मुलाणी मॅडम. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर.

वकिलांनी सगळं मांडलं. लाल दिवे, थंड पदार्थ, फसवणूक. मॅडमनी आईला विचारलं, "दर गुरुवारी तुम्ही यंत्राला कुपी दाखवायचात?"

"हो."

बाकांवर कुजबुज झाली.

"का?"

आईने सांगितलं. पडद्यावर वकील हसले. "मॅडम, यंत्राचं उष्टं! यंत्राला काय तोंड असतं?"

"जीभ आहे हे तुम्हीच जाहिरातीत सांगता," आई म्हणाली. "मग तोंडाचं तुम्हीच बघा."

सगळे हसले. मुलाणी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे फातेहा पढून होईपर्यंत नियाजच्या जेवणाला कुणी बोट लावत नाही. माझी अम्मी तर पातेल्याजवळ लहान मुलांना फिरकू द्यायची नाही. यांचं म्हणणं मला कळलं. पण भोईटेबाई, नियम मोडला तो मोडलाच."

आता! मी उभी राहिले.

"मॅडम, मी ओवी. यांची मुलगी. मला थोडं बोलू द्याल?"

"शाळा नाही आज?"

"बुडवलीय. कारण सांगते."

मॅडमनी हात केला, बोल म्हणून.

"आमच्या शाळेत प्रार्थनेला पांढरी रेघ आखलेली असते. पहिल्या दिवशी सगळे रेघेवर उभे राहतात. मग सर म्हणतात, शेजारच्याकडे बघून रांग सरळ करा. झाडाची सावली उजवीकडे असते, म्हणून प्रत्येक जण अगदी थोडा उजवीकडे सरकतो. शेजारी सरकला म्हणून मीपण. रांग नेहमी सरळच दिसते! पण महिन्याभराने अख्खी रांग व्हॉलीबॉलच्या जाळ्याला टेकलेली असते. कुणीच ठरवलेलं नसतं. आणि एकच मुलगी रेघेवर उभी असेल, तर सर तिलाच ओरडतात, 'तू रांगेबाहेर का?'"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी पुढे बोलले.

"'चर्र'चा मूळ ठसा दर महिन्याला सगळ्या शाखांच्या सरासरीवरून बनतो. थोडी गोड आमटी लोकांना बरी वाटते, म्हणून प्रत्येक शाखा हिरव्या पट्ट्यातच राहून गोडाकडे थोडीशी सरकते. सरासरी सरकते. मग हिरवा पट्टाही सरकतो. मग पुन्हा थोडा गूळ. सगळ्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं, मॅडम. रेघ कुणीच बघितली नाही. माझी आई रेघेवर उभी आहे."

"कल्पना छान आहे," वकील म्हणाले. "पुरावा?"

मी पिशवीतून आमची शेवटची कुपी काढली. कोमट पाण्यात विरघळवली. प्राधिकरणाच्या जिभलीची दांडी वाटीत बुडवली. लाल! 'चव अमान्य.'

बाकांवरून वाईच्या शाखेचा एक दादा उठूनच उभा राहिला. "अहो, कंपनीचीच कुपी ना ती?"

"कुपी खराब झालेली असणार," वकिलांनी लगेच सांगितलं. "या बाईंच्या स्वयंपाकघरात, उन्हात, वाफेत राहिलेली."

याची मी वाटच बघत होते. "मॅडम, तुमच्याकडे एक आहे ना? शीतकपाटात? कायद्यात लिहिलंय."

मुलाणी मॅडमनी समोरची फाइल उघडून पाहिली. "आहे. एकच आहे. म्हणून दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय सील तोडता येत नाही." त्या वळल्या. "कंपनीचे प्रतिनिधी?"

"कंपनीची संमती नाही," पडद्यावरून आवाज आला.

"मी सभागृहात हजर असलेल्या प्रतिनिधींना विचारतेय. अधिकार त्यांना आहेत. जगदाळे?"

अभिमामा उभा राहिला. टायची गाठ त्याने एकदा आवळली, एकदा सैल केली. वकील त्याचं नाव घेऊन काहीतरी बजावत होते. मी मनात म्हणत होते, मामा, हो म्हण, हो म्हण! आईने मात्र मान हलवली. नको म्हणून. तिला दुकानापेक्षा भावाची नोकरी दिसत होती. हे मला त्या क्षणी कळलं. मी एवढी मोठी योजना आखली होती, पण मामाचं काय होईल याचा विचारच केला नव्हता.

मामाने आईकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"ताई, मी तुला गूळ घाल म्हणालो होतो," तो म्हणाला. मग मॅडमकडे वळला. "उघडा."

शीतकपाटातून कुपी आली. सील तुटलं. पूड पाण्यात विरघळली आणि चिंचेचा, गोड्या मसाल्याचा वास त्या सरकारी खोलीत पसरला. आईच्या आमटीचा वास! मॅडमनी स्वतःच्या हाताने दांडी बुडवली. सगळे बाकांवरून उठून टेबलाभोवती जमले होते. पडदा क्षणभर कोरा राहिला.

लाल.

काय आवाज झाला म्हणून सांगू! वाईचा दादा टाळ्या वाजवत होता, कुणी शिट्टी मारली, आई दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती. वकील म्हणत होते की लोकांच्या आवडी बदलतात, चव बदलणं हा गुन्हा नाही.

"नाहीच," मॅडमनी आवाज चढवला. "खुशाल बदला. पण शाखांना सांगून, विचारून बदला. इथे तर बदललं कुणी, हे तुम्हालाही माहीत नाही. जी चव करारात आहे तिची रेघ म्हणजे ही कुपी. सगळी यंत्रं हिच्यावर आणा. तोवर एकही शाखा काढायची नाही." मग चष्मा लावत त्या आईला म्हणाल्या, "आणि यापुढे यंत्राला कुप्या पाजायच्या नाहीत, भोईटेबाई. यंत्राने चाखण्याआधी टोपातून एक वाटी काढता आली पाहिजे. झाकणाला तशी सोय करून द्या, असं मी कंपनीला लिहिते. कुणाला देवासाठी हवी असेल, कुणाला अजून कशासाठी. विचारायचं नाही."

*

मामाची नोकरी गेली. हे मी शेवटाकडे लिहितेय, कारण मला ते लिहायचंच नव्हतं. मी त्याला फोन करून म्हणाले, "मामा, माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "गप गं. इतकी वर्षं मशीनं तपासली, एकदाही कुपी उघडली नाही. शिकवलंस तू." मग म्हणाला, वाईच्या त्या दादाने विचारलंय, सगळ्या शाखामालकांची मिळून एक संघटना करायचीय, यंत्रातलं कळणारा माणूस हवाय, तू येशील का. तो अजून विचार करतोय. मी त्याच्या वतीने कधीच हो म्हणून टाकलंय.

आज गुरुवार. मामा सकाळीच आला, आणि दारातूनच ओरडला, "ओवे, काय शोध लावलास?"

जिभली पुन्हा मूळ ठशावर आलीय. झाकणाला आता छोटी खिडकी आहे. आईने ती उघडली, पहिली वाटी काढली, तुळशीचं पान ठेवलं आणि दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडले. यंत्र गप्प. दुसरी वाटी तिने भातावर ओतून मामापुढे ठेवली. तो अधाशासारखा जेवू लागला.

"आता हिला चाखू दे," आई म्हणाली. मी दांडी टोपाकडे न्यायला गेले, पण मध्येच थांबले. मामाच्या ताटातल्या उरलेल्या आमटीत तिचं टोक बुडवलं.

"अगं ए, माझं उष्टं ते!"

हिरवा दिवा लागला.

"खाऊ दे तिला," आई म्हणाली. "घरातलीच आहे आता."